गोळी जड म्हणून चांगली असं नसतंय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात एका शेतकरी बंधूंचं पत्र आलंय, रानडुकरांनी उसाचं वाटोळं केलंय त्यामुळं डुकरं मारायच्या परवानगीबरोबर नव्या रायफलीसाठी ‘मिलिटरीसारखी कडक गोळी’ पण मिळायला पाहिजे, जेवढी जड तेवढी चांगली, असा एकूण सूर होता. त्यांचा त्रास शंभर टक्के खरा आहे, आमच्या राधानगरीकडं एका रात्रीत अर्धा फड उकरून ठेवलेला बघितलाय. पण गोळीचं जे लिहिलंय ते साफ उलटं आहे आणि ते वाचून कुणी तसंच करायला गेलं तर पंचाईत होईल, म्हणून हे पत्र. मी निवृत्त जवान आहे, आता शेती करतो.

आधी एक गोष्ट, शिकारीवर आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, घरात लायसनची रायफल आहे म्हणून डुकरावर बार टाकता येत नाही, वनखात्याची लेखी परवानगी लागते. आणि गव्याचा तर विचारही नको, तो त्या कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे.

आता मिलिटरीच्या गोळीचं. सैन्याची गोळी पूर्ण तांब्याच्या आवरणातली असते, फुल मेटल जॅकेट म्हणतात ती. ती तशी असते ती काय जास्त मारक म्हणून नव्हे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात इंग्रजांनी टोक उघडं ठेवलेली गोळी काढली, ती अंगात शिरली की फुलायची आणि मोठी जखम करायची. मग १८९९ साली हेगच्या परिषदेत युद्धात असल्या फुलणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरलं. म्हणजे सैन्याची गोळी फुलत नाही, बहुतेक आरपार जाते, त्यामागं तो करार पण आहे. शिकारीत नेमकं उलटं लागतं. जनावर जागच्या जागी पडलं पाहिजे, आणि गोळीनं आपली ताकद त्याच्या अंगातच खर्च केली पाहिजे, म्हणून तिथं सॉफ्ट नोज वापरतात, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली. अमेरिकेत तर बऱ्याच राज्यांत हरणावर फुल जॅकेट वापरायला कायद्यानंच मनाई आहे. फुल जॅकेट लागलेलं डुक्कर तसंच पळत जाऊन कुठंतरी फडात दोन दिवस तडफडत मरणार, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाला कापायला आलेल्या बाईच्या अंगावर येणार. आणि गोळी? ती डुकरातून बाहेर पडून पुढं निघालेलीच असते. ऊस बारा फूट उंच, पलीकडं कोण आहे दिसत नाही, तोडकऱ्यांची खोपटं कुठंही असतात, पहाटे माणसं मोटर चालू करायला येतात. मोठ्या रायफलीची गोळी अडली नाही तर तीन-तीन किलोमीटर जाऊ शकते, उसाचं कांडं काय तिला अडवणार? त्यामुळं मागं मातीचा बांध नाहीतर टेकाड असल्याशिवाय बार टाकायचाच नाही, सॉफ्ट नोज असली तरी.

आपल्याकडं तसा चॉईस पण फार नाही म्हणा. सैन्याचे बोअर, म्हणजे नळीची मापं, सामान्य माणसाला बंद, .३०३ घेता येत नाही, म्हणून तर इंग्रजांच्या काळापासून .३१५ चाललीय. इशापूरच्या फॅक्टरीची .३१५ आणि तिचं २४४ ग्रेनचं सॉफ्ट नोज काडतूस. ग्रेन हे वजनाचं माप, आणि हा आकडा गोळीच्या वजनाचा, आतल्या बंदुकीच्या दारूचा नव्हे, २४४ ग्रेन म्हणजे पावणेसोळा ग्रॅमच्या आसपास. डुकराला हे भरपूर झालं, यापेक्षा जड शोधत बसायची काय गरज?

खरी निवड बघायची तर बाहेर. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो, तिथं डुक्कर आणि हरणाची शिकार कायदेशीर आहे, त्यानं .३०-०६ ची नवी रायफल घेतली आणि दुकानात गेला तर नुसत्या त्या एका बोअरची भिंतभर खोकी. १५० ग्रेन, १६५, १८०, त्यात कुठली साधी सॉफ्ट नोज, कुठली प्लास्टिकच्या टोकाची, कुठली अख्खी तांब्याची. फोन केला, मामा कुठली घेऊ. मी म्हटलं आधी नळीवर काय कोरलंय ते वाच आणि अक्षर न् अक्षर जुळलं तरच घे, कारण .३०८ आणि .३०-०६ दोन्हीची गोळी सारख्याच जाडीची पण काडतूस वेगळं, .३०८ चुकून .३०-०६ मध्ये घालून उडवलं तर काडतुसाची पितळी केस फुटते, डोळा जायचा. मग म्हटलं हरणासाठी १५० किंवा १६५ घे, मोठं डुक्कर किंवा एल्क (तिकडचं मोठं हरीण) असलं तर १८०, आणि एकाच कंपनीची वीस खोकी उचलू नको, तीन-चार वेगवेगळी एकेक आण.

ते का, तर प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. आतले आटे किती इंचात एक वळसा घेतात त्यावर ती कुठल्या लांबीची, वजनाची गोळी नीट फिरवणार ते ठरतं, बाकी गोळीबार करूनच कळतं. हे कोल्हापुरात तरी सांगायला लागू नये. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियन झाली. या लेव्हलचे नेमबाज एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या .२२ गोळ्यांचे पण वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघतात, जो लॉट घट्ट ग्रुप देतो, म्हणजे भोकं एकमेकांजवळ पाडतो, तोच घेतात, कारण तिथं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. शेतकऱ्याला एवढं बारीक नको, पण तत्त्व तेच. नव्या नळीतलं फॅक्टरीचं तेल पुसून काढायचं, रायफल टेकवून कागदावर तीन बार, नळी गार होऊ द्यायची, परत तीन. तीन भोकं जवळजवळ पडली तर ते काडतूस चालतंय. मग त्याच काडतुसावर साईट सेट करायची, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी लागेल अशी, यालाच झिरो करणं म्हणतात, आणि पुढं काडतूस बदललं तर परत झिरो करायची. १०० यार्डाला झिरो केलेली .३०-०६ दोनशेला साधारण चार इंच खाली मारते, हे माहीत नसलं की जनावर नुसतं जखमी होतं.

शिशाचा पण एक मुद्दा आहे, शिकारीच्या मांसात शिशाचे बारीक कण राहतात आणि ते खाऊन कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं मरायला लागली, म्हणून तिथं १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच केली. भाच्याला त्यामुळं तांब्याची पण ट्राय कर म्हटलंय, महाग आहे पण लेकरं तेच मटण खाणार ना.

आता आपल्या जिल्ह्याचं. लायसनवर काडतुसांचा आकडा ठरलेला, त्यामुळं लोक एकेक काडतूस जपून ठेवतात, कपाटात ओल धरलेलं जुनं काडतूस भरतात आणि झिरो न करताच रात्री फडात उतरतात. परवानगी देताना कुणी विचारत नाही की बाबा ही रायफल कागदावर मारून बघितलीस का. माझी जिल्हाधिकारी साहेबांना आणि पोलीस खात्याला विनंती आहे की पीक संरक्षणाची परवानगी ज्यांना देताय त्यांच्यासाठी उसाच्या सीझनआधी एक दिवस पोलिसांच्या फायरिंग रेंजवर ठेवा, तिथं झिरो करायला लागणारी दहा-पंधरा काडतुसं कोट्याच्या बाहेर धरा, आणि ज्याचे तीन बार ताटाएवढ्या कागदावर पडत नाहीत त्याला त्या वर्षी परवानगी देऊ नका.

आपला,
एक निवृत्त जवान
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर