ऋतूच्या सांध्यावर स्वतःला जप

नाशिक, ९ सप्टेंबर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी सुट्ट्यांची यादी मिळाली. फिनलंडमधल्या तुझ्या ओउलूहून कुठे जायचं, काय करायचं, असं विचारलंयस. करण्यासारखं तिथे बाराही महिने असतं, पण बेत तारखा बघून आखू नकोस, पायाखाली काय आहे ते बघून आख. भर हिवाळ्यात किंवा भर उन्हाळ्यात सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते सांध्यावर, नोव्हेंबरच्या कोवळ्या बर्फावर आणि एप्रिल-मेच्या कुजक्या बर्फावर.

आत्ता रुस्का सुरू असेल, म्हणजे पानगळीआधीचे रंग. लॅपलंडात, म्हणजे वर उत्तरेला, ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ऐन भरात असतात, तुमच्याकडे थोडे उशिरा. कुसामोजवळच्या ओउलांका राष्ट्रीय उद्यानात ८२ किलोमीटरची कार्हुनकिएर्रोस वाट आहे. ती चार-पाच दिवसांची, पाठीवर सगळं ओझं घेऊन चालायची. पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नकोस. युमा गावातून निघून परत युमालाच येणारी १२ किलोमीटरची धाकटी वाट घे. झुलते पूल, धबधबे सगळं तीत आहे आणि दिवसात होते. मोठ्या वाटेवरच्या उघड्या लाकडी खोल्या फुकट असतात. रीत अशी की शेवटी आलेल्याचा हक्क पहिला, आधी आलेल्यांनी जागा करून द्यायची. म्हणून रुस्काच्या गर्दीत तंबूशिवाय जायचं नाही.

जंगलात कोणाच्याही जमिनीवर चालायला, बेरी आणि अळंबी वेचायला परवानगी लागत नाही. आग पेटवायला मात्र लागते. जिवंत झाडाची साल काढणं, शेवाळ उचलणं हेही त्या हक्कात बसत नाही. उद्यानांत ठरवून दिलेल्या चुलींपाशी लाकूड ठेवलेलं असतं. वणव्याचा इशारा असेल तर तिथेही उघडी आग चालत नाही.

अळंबीबद्दल नीट वाच. शरदात सगळे सुप्पिलोवाहवेरो ही खायची अळंबी वेचतात: तपकिरी टोपी, पिवळट देठ, टोपीखाली पात्यांऐवजी फाटे फुटलेल्या जाड शिरा. त्याच शेवाळात सुइप्पुमिर्क्कुसेइतिक्की उगवते, तीही तपकिरी, टोपी टोकदार. ती मूत्रपिंडं निकामी करते, आणि लक्षणं दिसायला कित्येक दिवस जातात, तोवर जेवलेलं विसरायला होतं. फसगत होते ती एकगठ्ठा कापण्यामुळे. झुबका दिसला की माणूस मूठभर उपटतो आणि त्यात एक परकी येते. एकेक वेच, घरी एकेक उभी चीर. देठ नळीसारखा पोकळ हवा आणि खाली सुटी पाती नकोत. पांढरीशुभ्र अळंबी तर हातात घ्यायचीच नाही. वसंतात बाजारात दिसणारी कोर्वासिएनी कच्ची विषारी असते, भरपूर पाण्यात दोनदा उकळून दोन्ही पाणी फेकावं लागतं. ती जाणकारांना करू दे.

नोव्हेंबरात घरी बस. अंधार, चिखल, वर कोवळा बर्फ. अंधारात चालताना कोटाला रिफ्लेक्टर हवाच, तिथे तो कायद्यानेच लागतो. डिसेंबरात ओउलूला उजेड साडेतीन तासांच्या आसपास, तेव्हा बाहेरचं काम बारा वाजता कर, तीनला नाही.

आता बर्फ. एका माणसाला निदान ५ सेंटीमीटर पोलादी बर्फ लागतो, म्हणजे काळसर, पारदर्शक, घट्ट. वरचा पांढरा, बर्फ-पाणी मिसळून गोठलेला थर साधारण निम्म्या ताकदीचा धर. मी तर १० सेंटीमीटरशिवाय पाऊल टाकू नकोस असंच सांगेन. नदीचं मुख, पुलाखालची जागा, सामुद्रधुनी, बोरूची बेटं, धक्क्याच्या खांबांभोवती: इथे प्रवाह किंवा ऊब बर्फाला खालून खाते, त्यामुळे किनाऱ्याला मोजलेली जाडी पुढे उपयोगी पडत नाही. समुद्रावर तर वाराच बर्फ फोडून नेतो. एकटी जाऊ नकोस. आणि गळ्यात बर्फाचे टोचे, म्हणजे मुठीत धरून बर्फात रोवायच्या टोकदार खुंट्या, अडकव, बॅगेत नको. पडलीसच तर आलीस त्याच दिशेला वळ, कारण तिकडच्या बर्फाने तुला पेललेलं असतं. कडा मोडत मोडत घट्ट भाग आला की टोचे रोव, पाय झाडून अंग आडवं कर, स्वतःला ओढ. बाहेर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत किंवा सरपटत दूर जायचं.

बर्फाला गिरमिटाने भोक पाडून पर्च मासा धरायला कसलाही परवाना लागत नाही, काही सालमनच्या वाहत्या पाण्यांचा अपवाद सोडून. गळ तळाला टेकव, वितभर वर घे, हलकेच हलव आणि थांब. मासा बहुधा थांबल्यावर लागतो. घाईने हलवत राहणाऱ्याला तो मिळत नाही. गिरमिटाचं पातं तळाच्या वाळूला लागलं की बोथट होतं, तेव्हा उथळ पाण्यात सांभाळ.

स्कीसाठी तळाला केसाळ पट्टी असलेल्या, म्हणजे कार्वाच्या, वापरलेल्या स्की घे. मेण लावायच्या स्की शून्य अंशाजवळ दगा देतात: ताजा बर्फ पायाखाली गोळा होऊन चिकटतो किंवा पकडच बसत नाही. तू १६० सेंटीमीटरची, तुला काठ्या १३० ते १३५ च्या. कोरलेल्या खोबणीत चालायचं नाही, पडलीस की आधी बाजूला हो. निघताना जराशी थंडी वाजली पाहिजे. उबदार वाटत निघालीस तर अर्ध्या तासात घाम, आणि थांबलीस की तोच घाम गारठवतो. सुती बनियन घरी, लोकरीचा आत. दोन मोजे कोंबून बूट घट्ट केलेस तर रक्त खेळत नाही, पाय अधिकच गार पडतात. फोन आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी बसते.

शाळांची स्कीची सुट्टी वर्षाच्या ८, ९ आणि १० व्या आठवड्यात येते, दक्षिणेकडून उत्तरेकडे. तेव्हा लॅपलंडातली घरं महाग आणि भरलेली. त्यानंतरचा मार्च सगळ्यात चांगला, बर्फही टिकून आणि ऊनही.

मार्चअखेर-एप्रिलात हांकिकांतो सापडतो: दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठून वर कवच धरतं, मग सकाळी जंगलातून हवं तिकडे चालता येतं. दहा-अकरानंतर कवच खचतं आणि परतीच्या वाटेवर कमरेएवढं रुतायला होतं. पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. सरोवराचा बर्फ याच दिवसांत कुजतो: उभ्या सुयांसारखा सुटतो. जाड दिसला तरी पेलत नाही, मोजून काही कळत नाही. मेमध्ये वाटाही ओल्या, तेव्हा सायकल काढ.

युहान्नुस, म्हणजे तिकडचा भर उन्हाळ्यातला सण, २० ते २६ जूनमधल्या शनिवारी येतो. आदल्या दिवशी दुकानं लवकर मिटतात, बस विरळ. सामान गुरुवारीच आण. होडीत बसताना लाइफ जॅकेट अंगात घाल, पायाशी ठेवू नकोस. जुलैत लॅपलंडात डास. तेव्हा दलदलीत हिल्ला बेरी पिकते, पण ती रबरी बूट आणि जाळीची टोपी असेल तरच.

गोचिडीच्या मेंदूज्वराची लस आत्तापासून मनात ठेव. दुसरी मात्रा पहिलीनंतर एक ते तीन महिन्यांनी, तिसरी त्यानंतर पाच ते बारा महिन्यांनी. पहिली जानेवारीत घेतलीस तर गवत वाढायच्या आत दोन होतील. आणि '११२ सुओमी' अॅप आजच फोनवर घे. त्यातून हाक मारलीस की तू नेमकी कुठे आहेस ते मदतकेंद्राला आपोआप कळतं.

तुझा,
बाबा

ता.क. अक्षयला ईस्टरलाच यायचं असेल तर त्याला सांग, ओउलूच्या बर्फावर नाही नेणार. वरती सारिसेल्केकडे ईस्टरलाही स्कीचा बर्फ असतो, तिकडची तिकिटं काढू दे.