48 की 52

चि. छोटीस अनेक आशीर्वाद,

विमानाला 48 इंच पिचचा प्रोपेलर घ्यायचा की तू म्हणतेस तसा 52 चा, यावरून काल आपलं बिनसलं आणि तू फोन ठेवलास. तुझी आई म्हणते, पोरगी पायलट झाली, आता तिला विमान शिकवू नका. शिकवत नाही बेटा. रात्री वहीत जे मांडलं तेवढंच कळवतो.

पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर किती इंच पुढे सरकायला हवा तो हिशेब, हे तूच समजावलं होतंस. 2750 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 2750 फेऱ्यांना, 48 इंचाचे तासाला 201 किलोमीटर होतात, 52 चे 218. हवेत घसर असते, म्हणून प्रत्यक्षात कमीच. त्या सतरा किलोमीटरवर तुझा जीव आहे. क्रूझमध्ये, म्हणजे वर सरळ उडताना, इंजिन शांत चालेल हेही मान्य. पण टेक-ऑफला 52 चा भार घेऊन ते इंजिन 2750 च्या बरंच खाली राहील, म्हणजे शंभर घोडे मिळणारच नाहीत. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर तू टॉप गिअरमध्ये काढशील का?

आणि मे महिन्यात येतेस. नागपूरची उंची हजार फूट, पण 45 अंशांच्या उन्हात हवा इतकी विरळ होते की विमानाला ती पाच हजार फुटांवरची वाटते. इंजिनाचा दम कमी, प्रोपेलरची ओढ कमी, पंखांची उचलही कमी. त्यात गवताची पट्टी, भरलेली टाकी, शेजारी माणूस आणि टोकाला ती निंबाची झाडं.

फारच लांबलं. लेक्चर द्यायला बसलो नव्हतो, माफ कर.

तान्ह्या पोळ्याला सगळ्या पोरांनी लाकडी नंदी सजवले, तू मात्र तुझ्या नंदीच्या कपाळावर डालड्याच्या पत्र्याची भिंगरी ठोकली होतीस. पाती जास्त पिळलीस तर ती हळू फिरायची. मग चिमट्याने एकेक पातं सपाट करत गेलीस, बोट कापलं तरी थांबली नाहीस, आणि शेवटी ती भुर्रकन फिरली. बोजाऱ्याचे पैसे मागायचं विसरून दारोदार भिंगरीच दाखवत हिंडलीस. मोठी आई आजही आल्यागेल्याला ते सांगते. मी सांगत नाही, पण तुझ्या लायसन्सची झेरॉक्स माझ्या पाकिटात असते.

48 चेही तोटे आहेत, ते लपवत नाही. सपाट उड्डाणात पूर्ण थ्रॉटल दिला तर आरपीएम लाल रेघेच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, वर जाईल, हात आवरावा लागेल. पण तो हात तुझा आहे. टोकाच्या झाडांपाशी मात्र हातात काही उरत नाही. बघ, फिरून तिथेच आलो.

तुमच्या विमानाच्या मंजुरीच्या कागदात जे प्रोपेलर बसतात तेच घ्या. बसवल्यावर ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटलला उभ्या विमानाचा आरपीएम मोजा. तो कागदातल्या मर्यादेत हवा. तुमचे इंजिनिअर करतीलच, तरी तू स्वतः उभी राहा.

मोठी आई म्हणते, “पोरीले सांगजो, उन्हाच्या आधी उडत जाय म्हणा.” तिला पिच कळत नाही, पण तिचं हे ऐकच. विहिरीचं प्रकरण मिटलं. दादा गुरुवारी येतोय, त्याच्याजवळ लोणचं देतो.

52 च घ्यायचा ठरला तर तसं कळव, मी वाद घालणार नाही. फक्त आरपीएम किती भरला तो आकडा मला फोनवर सांग.

तुझे बाबा