‘ळ’ वाचवणाऱ्यांचे आभार

इशाकॉनसाठी, म्हणजे इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनच्या वार्षिक परिषदेसाठी, आम्ही एम.एससी.च्या तिघी मुंबईहून म्हैसूरला गेलो आणि पोस्टरची नळी रिक्षातच विसरलो. चूक पूर्णपणे आमची.

रात्री साडेदहाला अर्धं ओढलेलं शटर झेरॉक्सवाल्या काकांनी पुन्हा वर केलं, तिथून सगळं सावरलं. पेनड्राइव्ह लावला तर देवनागरी फॉन्टच नाही. जोडाक्षरं फुटलेली, ‘ळ’च्या जागी रिकामा चौकोन. आणि आमचा विषय काय, तर ‘ळ’ला ‘ल’ म्हणणारी मराठी मुलं! दुकानातल्या पोराला मराठी येत नव्हतं, पण ‘बाळ’ म्हणून दाखवल्यावर तो हसला. कन्नडमध्येही ‘ळ’ आहेच की. फॉन्ट शोधून त्याने एकेक शब्द आमच्याकडून तपासून घेतला: फळा, केळं, डोळा. पैसे मात्र नेहमीचेच घेतले.

दुसऱ्या दिवशी पोस्टरपाशी थांबलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईंचं नावही विचारायचं राहिलं. “घरी कोणती बोली बोलतात, विचारलंत का?” एवढंच त्या म्हणाल्या. नव्हतं विचारलं! आगरी घरात ‘डोला’च म्हणत असतील, तर पोराच्या उच्चारात दोष कसा काढायचा? बाई, प्रबंधाची प्रश्नावली बदलतोय. मनापासून आभार.

आणि रिक्षावाले दादा, नळी सापडली असेल तर खुशाल ठेवून घ्या. कागद जाड आहे, वह्यांना कव्हरं छान होतील.