विषय: शेतासाठी म्हणून विकलेली, पण शेतात न चालणारी पिकअप

प्रति,
ग्राहक सेवा विभाग, आणि त्यांच्या वरचा जो कोणी साहेब असेल तो
(वरच्यानेच वाचलं तर बरं, खालच्यांनी चार वेळा वाचून चार वेळा क्लोज केलंय)

चोपडा, जि. जळगाव
दि. 12 जून 2024

आज सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी तुमच्या टोल फ्री नंबरला फोन लावला, मराठीसाठी तीन दाबा म्हणे, तीन दाबलं, बावीस मिनिटं तुमच्या जाहिरातीचं गाणं ऐकलं आणि मग एक पोरगा बोलला तो हिंदीत. "सर, आपकी कंप्लेंट तो क्लोज दिखा रही है. रिमार्क है, कस्टमर सॅटिस्फाइड." मी म्हटलं कोणता कस्टमर? म्हणे आपच. मी विचारलं मी कधी सॅटिस्फाय झालो, तारीख तरी सांग, तर त्याने खरंच तारीख सांगितली, 24 मे. 24 मे ला माझी गाडी तुमच्या जळगावच्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये बोनेट उघडून उभी होती आणि मी चोपड्याच्या एसटीत उभा होतो, बसायला जागा नव्हती. एवढा मी सॅटिस्फाइड.

म्हणून हे पत्र. नमस्कार-चमत्कार नंतर कधीतरी.

गाडी तुमचीच आहे, डिझेल पिकअप, बीएस सिक्स, 2023 च्या दसऱ्याला घेतली, ऑन रोड 9 लाख 64 हजार. चेसिस नंबर आणि चारही तक्रार नंबर सोबतच्या झेरॉक्सवर आहेत. डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काय असतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्हीच बसवलाय. मला मात्र तो काय असतो ते गाडी घेताना कोणी सांगितलं नाही, ते मला डिसेंबरमध्ये पिवळा दिवा लागल्यावर कळलं, 2,900 किलोमीटरला. तेव्हापासून आज 11,000 झाले आणि गाडी चार वेळा आत गेली. डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल, मे. दर वेळी तेच. दिवा लागतो, मग गाडीची ताकद जाते, लिम्प मोड का काय तो येतो, तीस-चाळीसच्या वर काटा हलत नाही, मग जळगावला न्या, ते लॅपटॉप जोडतात, फोर्स्ड रिजन मारतात, म्हणजे फिल्टर तापवून त्यातली काजळी जाळतात, बिल देतात, आणि "आता काही टेन्शन नाही" म्हणून हातात चावी. पहिल्यांदा फुकट केलं, दुसऱ्यांदा 2,800, तिसऱ्यांदा ऑइलसकट 7,150, चौथ्यांदा प्रेशर सेन्सर बदलला म्हणून 9,600. गाडी वॉरंटीत आहे बरं का. वॉरंटीत असून साडेएकोणीस हजार गेले.

माझा वापर काय ते लिहून देतो म्हणजे परत कोणी विचारायला नको. आमची केळीची बाग आहे. कटाई असली की बागेतून घड भरायचे, तीन किलोमीटर कच्च्या रस्त्याने डांबरीवर आणायचे, व्यापाऱ्याच्या ट्रकात माल द्यायचा, परत बागेत. दिवसाला आठ-दहा फेऱ्या, सगळ्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मजूर भरतात तेव्हा गाडी बंद. आमच्या भागात शेकडो लोक पिकअप याच कामाला घेतात आणि तुम्हाला हे माहीत आहे, कारण तुमच्या शोरूमच्या काचेवर जो मोठा फोटो आहे त्यात पिकअपमध्ये काय भरलंय? केळी. मागे बाग, पुढे फेटा बांधलेला शेतकरी, हसतोय. तो अजून हसतोय का बघा जरा.

आणि तुमच्या सेल्सवाल्याने माझ्या वडिलांच्या समोर सांगितलं होतं, "बाबा, शेतात घाला, बांधावर घाला, नाल्यात घाला, हिला काय होत नाही." माझे वडील कमी बोलतात, त्यांनी फक्त टायरला हात लावून बघितला आणि मान हलवली. आमच्याकडे 2006 ची तुमचीच गाडी होती, चौदा वर्षं चालवली त्यांनी, याच रस्त्यावर, याच बागेत. क्लच प्लेट आणि पाटे सोडले तर तिने काही मागितलं नाही. दुसऱ्या कंपनीकडे आम्ही बघितलंसुद्धा नाही, त्या जुन्या गाडीच्या भरवशावर तुम्हाला दहा लाख दिले. आता तेच वडील म्हणतात, "गाडी लिधी का साडेसाती लिधी रे भो."

आता एप्रिलचं सांगतो, कारण टोल फ्रीवर हे सांगायला गेलं की दोन वाक्यांनंतर "सर, मैं समझ सकता हूँ" येतं.

तिसऱ्यांदा गाडी नेली तेव्हा मी स्वतः ऑइलची डिपस्टिक काढून बघितली होती. ऑइल वाढलेलं. कमी नाही, वाढलेलं, वरच्या खुणेच्याही वर, आणि वास डिझेलचा. म्हणजे रिजन सुरू होतं, फिल्टर तापवायला जास्तीचं डिझेल सोडलं जातं, तेवढ्यात घड भरायला गाडी बंद होते, रिजन अर्धवट राहतं आणि ते डिझेल उतरतं ऑइलमध्ये. हे मला तुमच्या माणसाने नाही, गावातल्या ट्रॅक्टर मेकॅनिकने सांगितलं. मी सर्व्हिस ॲडव्हायजरला म्हटलं भाऊ, ऑइल वाढलंय. तो म्हणे, "चांगलंच आहे ना, कमी तर नाही झालं." मला वाटलं गंमत करतोय. गंमत नव्हती करत.

मग मी वर्क्स मॅनेजरला भेटायचंच म्हटलं. दीड तास बसवलं. एसीची केबिन, बाहेर चव्वेचाळीसचं ऊन, पाण्याच्या कूलरवर "फक्त स्टाफसाठी" लिहिलेलं. साहेब आले, बसा नाही, काय झालं नाही, जॉब कार्ड बघितलं आणि पहिला प्रश्न, "काका, शिक्षण किती झालंय तुमचं?" मी अडतीस वर्षांचा आहे, काका म्हटलं ते सोडून देतो, ऊन खाल्लेलं तोंड आहे. मी म्हटलं बारावी सायन्स, का? म्हणे, "मग मॅन्युअल वाचता येत असेल ना. त्यात सगळं दिलंय. दिवा लागला की गाडी बंद करायची नाही, वीस मिनिटं एकसारख्या स्पीडने हायवेला चालवायची. तुम्ही लोक वाचत नाही आणि मग गाडीला नावं ठेवता." तुम्ही लोक. शेजारी दोन गिऱ्हाईक बसले होते, त्यांच्यासमोर. एक जण खाली बघायला लागला, मला त्या मॅनेजरपेक्षा त्याचं खाली बघणं जास्त लागलं.

मी म्हटलं साहेब, केळी भरलेली असताना, बागेत मजूर थांबलेले असताना, वीस मिनिटं हायवेला कसा जाऊ? आमच्याकडून चौपदरी म्हणजे इकडे जळगाव नाहीतर तिकडे शिरपूर, दोन्हीकडे पन्नास-साठ किलोमीटर. घराजवळ आहे तो अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता, त्यावर एकसारखा स्पीड ठेवून दाखवा, तुमचा सत्कार करतो. त्यावर ते म्हणाले, "मग ही गाडी तुमच्या वापराची नाहीच. तुम्ही चुकीची गाडी घेतली." आणि हसले. मी विचारलं हे घेताना का नाही सांगितलं? "ते सेल्सवाल्यांना विचारा, सेल्स वेगळं, सर्व्हिस वेगळी." बिल मात्र एकाच काउंटरला भरायचं.

मग मी गाडीतून मॅन्युअल आणलं, प्लॅस्टिकसकट, आणि टेबलावर ठेवलं, म्हटलं दाखवा पान. साहेबांनी पानं उलटली, पुढून मागे, मागून पुढे, चांगली पाच मिनिटं. डीपीएफ काही सापडेना. कसा सापडेल? मॅन्युअल सीएनजी मॉडेलचं आहे. माझ्या डिझेल गाडीबरोबर तुम्ही मला सीएनजीचं मॅन्युअल दिलंय आणि ते मी वाचलं नाही म्हणून माझं शिक्षण विचारलंय. त्यांना कव्हरवरचं नाव बोट ठेवून दाखवलं तर म्हणे, "हां, डिलिव्हरीच्या वेळी मिक्स झालं असेल, नवीन मागवतो." तो आजचा दिवस, मॅन्युअल आलेलं नाही. सॉरी तर नाहीच. आणि बाहेर निघताना तोच ॲडव्हायजर मागून पळत आला, मला वाटलं लाज वाटली असेल, तर म्हणे, "काका, कंपनीकडून फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी दहा सांगा, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात."

घरी येऊन वडिलांना सांगितलं की गाडी रोज थोडी हायवेला फिरवून आणायला लावतात. ते म्हणाले, "आपला बैल कधी म्हनना नही का माले हायवेवर लई चाल."

नव्वदच्या वरचं डिझेल जाळून मी रोज रिकामी गाडी कुठे फिरवू? मनुदेवीच्या दर्शनाला? रोज?

22 मे चं थोडक्यात लिहितो, डोकं फिरतं. जळगावच्या व्यापाऱ्याला बारा क्विंटल माल द्यायचा होता, विदगावच्या तापी पुलावर गाडीने मान टाकली, या वेळी तीस-चाळीसही नाही, बंदच. दुपारचा एक. तुमच्या रोडसाइड असिस्टन्सच्या बाईंनी विचारलं, "सर, लोकेशनचा पिनकोड?" मी म्हटलं मॅडम, पुलावर आहे, खाली तापी नदी आहे. म्हणे पिनकोडशिवाय सिस्टीम पुढे जात नाही. क्रेन आली सव्वासहाला. तोवर वर ताडपत्री, खाली तापलेला पत्रा, मध्ये माझी केळी. चौदा हजारांचा माल होता, व्यापाऱ्याने उपकार केल्यासारखे सहा हजार टेकवले. चार दिवस गाडी आत, भाड्याची गाडी वेगळी, 17,300 चा हप्ता वेगळा. आणि वर काय सांगितलं, तर डिझेल खराब होतं. टाकीचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं कोणी! त्याच पंपावर माझा ट्रॅक्टर भरतो. सॅम्पल घ्या, तपासा, लेखी द्या म्हटलं, तर लेखी काही मिळणार नाही.

तुमच्याच वर्कशॉपमधला एक मेकॅनिक मला चहाच्या टपरीवर हळूच सांगून गेला की बाहेर कुठेतरी तो फिल्टर काढून टाका, प्रोग्रामिंग मारून घ्या, कटकट मिटेल. म्हणजे तुमचा माणूस मला बेकायदा काम करायला सांगतो, वॉरंटीही जाणार. त्याच्यावर माझा राग नाही, सगळ्या वर्कशॉपमध्ये खरं बोलणारा तो एकच भेटला. बीएस सिक्सशी माझं भांडण नाही, 1 एप्रिल 2020 पासून सगळ्या देशाला लागू आहे, धूर कमी झाला तर माझीच पोरं कमी खोकतील. भांडण एवढंच की बागेत दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीला फिल्टर कसा चालेल याचा विचार तुम्ही करायचा होता, मी नाही. आणि विचार केला नसेल तर काचेवरचा फोटो काढा.

ग्राहक कोर्टात जाईन म्हटलं तर तुमचे वर्क्स मॅनेजर म्हणाले, पिवळी प्लेट आहे, कमर्शियल आहे, तिथे चालत नाही. शिक्षण आता मी त्यांना विचारू का? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कमर्शियल धरत नाहीत. गाडी मी स्वतः चालवतो, ड्रायव्हर नाही, दुसरी गाडी नाही. तुमचं हेड ऑफिस कुठेही असो, मी राहतो त्या जिल्ह्यात, जळगावच्या आयोगातच केस टाकता येते, आणि माझ्या गाडीच्या किमतीला फी आहे दोनशे रुपये. फोर्स्ड रिजनपेक्षा स्वस्त. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार काल टाकलीय.

मला काय पाहिजे ते लिहितो. एक तर गाडी परत घ्या आणि पैसे द्या, नाहीतर तुमचा इंजिनिअर चोपड्याला पाठवा, डीलरचा नाही, तुमचा. त्याने दोन दिवस माझ्याबरोबर बागेत फेऱ्या माराव्या, जेवण माझ्याकडे, भरीत-भाकरी देतो, आणि मग त्याने लेखी द्यावं की या वापराला ही गाडी चालते की नाही. साडेएकोणीस हजारांची बिलं आणि केळीचे आठ हजार द्यावेच लागतील. वॉरंटीत असताना बिल घेतलंय हे परत एकदा लिहितो, कारण फोनवर हे वाक्य कोणालाच ऐकू जात नाही. पंधरा दिवस थांबतो, 27 जूनपर्यंत. त्यानंतर गाडीच्या मागच्या फळीवर माझा अनुभव पेंट करून घेणार आहे, पेंटरशी बोलणं झालंय. आठवडे बाजारात उभी करीन, तिला तसंही उभंच राहायचं असतं.

"कस्टमर सॅटिस्फाइड" हा रिमार्क आधी काढा. आणि मॅन्युअल पाठवा. डिझेलचं.

तुमचा ग्राहक
(कर्ज फिटेपर्यंत तरी)

ता. क. हे पत्र लिहीत असतानाच तुमचा मेसेज आला, पुढची सर्व्हिस बुक केल्यास वॉशिंग फ्री. गाडी धुवायला आमच्याकडे बोअरवेल आहे.