रिचमंडच्या मोर्चातला शेजारी

मा. संपादक,
अमेरिकेतला बंदूकवाला म्हटला की आपल्याकडे माथेफिरूच डोळ्यांपुढे येतो. व्हर्जिनिया राज्याच्या प्रस्तावित शस्त्रकायद्यांविरोधात २० जानेवारी २०२० रोजी राजधानी रिचमंडमध्ये सुमारे २२ हजार लोक कडाक्याच्या थंडीत जमले, कित्येकांच्या खांद्यावर रायफली. गोळी एकही सुटली नाही. छातीवर बंदूकसमर्थकांचं नारिंगी स्टिकर लावून माझा शेजारीही गेला होता. त्याची आई शेतावर एकटी राहते. तिथे शेरीफची, म्हणजे स्थानिक पोलिसांची, गाडी पोहोचायला अर्धा तास लागतो. 'तोवर तिने काय करायचं?' हे काही मला खोडता आलं नाही. पण महिन्याला एकच पिस्तूल विकत घ्यायचं, या प्रस्तावित अटीलाही विरोध? आईला पिस्तुलं लागतात तरी किती! आदल्याच वर्षी व्हर्जिनिया बीचच्या पालिका इमारतीत १२ जण गोळीबारात गेले होते.

— एक मराठी वाचक, रिचमंड