कॅराव्हॅन ओढायची तर आरसे मोजून घ्यावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. तेव्हापासून मुक्कामाच्या जागा, परवाने आणि आतल्या सोयी यांवर पुष्कळ लिहिले गेले. पण गाडीमागे जोडलेली कॅराव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली चाकांवरची खोली, ओढताना चालकाला मागचे दिसणार कसे, याबद्दल फारसे वाचायला मिळत नाही. ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रश्न पहिल्याच सिग्नलला उभा राहतो. घोडबंदर रस्ता असो की ठाणे-बेलापूर रस्ता, दुचाकी डावीकडून घुसतात. कॅराव्हॅनच्या डाव्या भिंतीला लागून आलेला दुचाकीस्वार गाडीच्या मूळ आरशात दिसेलच याची खात्री नसते. त्यासाठी वाढीव आरसे, म्हणजे मूळ आरशाला दांड्याने जोडून आणखी बाहेर काढलेले आरसे, लावतात. मात्र ते दिसण्यावरून किंवा किमतीवरून निवडले, तर असून नसल्यासारखे होतात.

आधी मोजपट्टी घ्यावी. इनोव्हा क्रिस्टाची रुंदी १,८३० मिमी आहे. मागची कॅराव्हॅन २,३०० मिमी रुंद असेल तर ती प्रत्येक बाजूला २३५ मिमी बाहेर येते. मूळ आरसा गाडीच्या अंगापासून समजा २०० मिमी बाहेर आहे, म्हणजे कॅराव्हॅनची भिंत आरशाच्याही पलीकडे गेली. वाढीव आरशाची १५० मिमी रुंद काच पूर्णपणे भिंतीबाहेर यायला हवी. म्हणून २३५ मधून २०० वजा करून त्यात १५० मिळवायचे. उत्तर आले १८५ मिमी. मूळ आरशाच्या कडेपासून एवढी पोच लागते. बोलेरोची रुंदी १,७४५ मिमी आहे, तिला याच हिशेबाने सुमारे २२८ मिमी लागतील. दुकानात ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असे सांगून दिलेला आरसा या आकड्याला पुरतो का, ते तिथेच टेप लावून पाहावे.

जास्त लांब दांडा घेतला तर आणखी चांगले, असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनच्या बाजूपासून आरसा २५० मिमीपेक्षा बाहेर काढता येत नाही. ही मर्यादा आपणही पाळावी. गायमुख घाटात समोरून येणारा कंटेनर आणि टोलनाक्याची अरुंद मार्गिका या दोन्ही ठिकाणी आधी आरसाच घासतो. शिवाय दांडा लांब झाला की थरथर वाढते. थरथरत्या काचेत मागच्या हेडलाइटचा नुसता पट्टा दिसतो, वाहन किती जवळ आले ते कळत नाही.

काच सपाट घ्यावी की फुगीर, यावर सर्वाधिक वाद होतो. माझे मत स्पष्ट आहे: उजवीकडे सपाट, डावीकडे फुगीर. आपला चालक उजवीकडे बसतो. उजवा आरसा त्याच्या डोळ्यापासून साधारण ८० सेंमीवर असतो, डावा दीड मीटरवर. सपाट काचेची डोळ्याला दिसणारी रुंदी १५ सेंमी धरली, तर २० मीटर मागे उजव्या आरशात जेमतेम ४ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो आणि तेवढ्याच डाव्या आरशात दोन मीटरच्या किंचित वर. दुचाकी ज्या बाजूने येतात त्याच बाजूला निम्मे दिसावे, हे परवडणारे नाही. फुगीर काच ही तूट भरून काढते. पण तिच्यात मागचे वाहन लहान आणि म्हणून लांब वाटते. कोपरखैरणे किंवा माजिवड्याला डावीकडे लेन बदलताना ‘अजून जागा आहे’ असे वाटते ते यामुळेच. तेवढ्यासाठी पहिले काही दिवस अंदाजापेक्षा जास्त जागा सोडावी. बाजारात छोट्या गोल चिकटवायच्या काचा मिळतात. त्या फार जास्त फुगीर असल्याने ओढकामाच्या मुख्य आरशाची जागा घेऊ शकत नाहीत. युरोपीय मानकानुसार बाहेरच्या मुख्य आरशाच्या फुगीरपणाची त्रिज्या १,२०० मिमीपेक्षा कमी चालत नाही (त्रिज्या जितकी कमी, तितकी काच जास्त फुगीर). काचेवर वर्तुळातले ‘ई’ चिन्ह असेल तर ती या मानकाला उतरलेली असते.

काच उंचीलाही पुरेशी हवी. डावीकडे वळताना कॅराव्हॅनचे चाक गाडीच्या चाकापेक्षा आतून कापते आणि फुटपाथच्या कडेवर चढते. ते चाक आरशाच्या खालच्या भागात दिसले पाहिजे. वळण सुरू झाले की डाव्या आरशात कॅराव्हॅनची भिंतच भरते, त्यामुळे डावीकडे कोण आहे ते वळायच्या आधीच पाहून घ्यावे लागते.

जोडणीत एकाच क्लॅम्पवर लटकणारा आरसा टाळावा. मूळ आरशाच्या कव्हरला वरून आणि खालून पकडणारे दोन स्क्रू-क्लॅम्प उत्तम. नुसता रबरी पट्टा उन्हात कडक होतो आणि पावसात ओला होऊन घसरतो. कव्हरवर इंडिकेटर असेल, खाली कॅमेरा असेल, तर ते झाकले जात नाहीत ना हे बघावे. बसवण्यापूर्वी कव्हर पुसावे, कारण रबराखाली अडकलेली रेती रंग खरवडते. आरसा निसटला तर मागच्या दुचाकीवर आदळू नये म्हणून एक बारीक दोरी दाराच्या आत बांधावी. पहिल्या पाचसात किलोमीटरनंतर थांबून स्क्रू पुन्हा आवळावेत. गाडी लॉक केल्यावर आरसे आपोआप मिटत असतील तर ती सोय आधी बंद करावी, नाहीतर वाढीव आरसा दाराच्या काचेवर आपटतो. कॅराव्हॅन सोडल्यावर वाढीव आरसेही काढून ठेवावेत.

निवड बरोबर आहे का हे रस्त्यावर नाही, मोकळ्या मैदानात तपासावे. गाडी आणि कॅराव्हॅन सरळ रेषेत उभी करावी. चालकाच्या डोळ्यापासून २० मीटर मागे खूण करून तिथे एका माणसाने कॅराव्हॅनच्या भिंतीच्या रेषेपासून बाहेर ४ मीटरपर्यंत चालत जावे. आरशात तो कुठेही नाहीसा होता कामा नये. ब्रिटनच्या नियमातले माप हेच आहे. तिथे असे न दिसणाऱ्या आरशांनिशी ओढल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ दंडगुण बसू शकतात. मग त्याच माणसाने डाव्या भिंतीला लागून पुढे यावे. तो जिथे दिसेनासा होईल तो आपला ब्लाइंड स्पॉट, तो नीट लक्षात ठेवावा. मागचा कॅमेरा याला पर्याय नाही. तो कॅराव्हॅनच्या लगेच मागचे दाखवतो, शेजारून येणाऱ्याचे नाही, आणि पावसात चिखलाने पहिला तोच बुजतो.

ट्रेलर आणि कॅराव्हॅन विकणाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे की वाहनासोबत योग्य आरशांची जोडी द्यावी आणि खोक्यावर दांड्याची पोच, काचेची रुंदी व प्रकार आणि क्लॅम्प किती जाडीच्या कव्हरला बसतो हे मिलिमीटरमध्ये छापावे. पासिंगच्या वेळी परिवहन अधिकाऱ्यांनीही ट्रेलर जोडून, चालकाच्या आसनावर बसून हे आरसे एकदा पाहावेत.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई