धौलीला जाताय? आधी पायथ्याचा खडक बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरी-कोणार्क-भुवनेश्वर सहलींच्या जाहिराती नाशकात झळकू लागल्या, की त्यात भुवनेश्वरजवळच्या धौलीचा पांढराशुभ्र शांतिस्तूप असतोच. पुढे छापून येणाऱ्या प्रवासवर्णनांत एक वाक्यही ठरलेले असते: 'अशोकाने कलिंग युद्धाचा पश्चात्ताप इथल्या खडकावर कोरला.' कोरला खरा, पण इथे नाही.

एक लाख ठार, दीड लाख देशोधडीला आणि त्याच्या कित्येक पटींनी लोक नंतर मेले, हा हिशेब अशोकाने ठिकठिकाणी कोरवलेल्या चौदा शिलालेखांच्या संचातल्या तेराव्या लेखात आहे. शाहबाजगढी (आता पाकिस्तानात), कालसी (उत्तराखंड) या ठिकाणी तो वाचायला मिळतो. धौलीच्या खडकावर १ ते १० आणि १४ एवढेच लेख आहेत. ११, १२ आणि १३ गाळून त्याऐवजी कलिंगच्या अधिकाऱ्यांना उद्देशून दोन वेगळे लेख घातले आहेत. गंजाम जिल्ह्यातल्या जौगडलाही हीच मांडणी. कारण कुठे दिलेले नाही. पण ज्यांच्या घरातली माणसे गेली, त्यांच्याच दारात तो आकडा वाचून दाखवणे राजाला परवडले नसावे, असे आम्हाला वाटते. दया नदी रक्ताने लाल झाल्याची गोष्टही परंपरेतली. लेखात नदीचे नाव नाही, रणांगणाचेही नाही.

मग धौलीत आहे काय? कलिंगमधल्या तोसली नगरीच्या महामात्रांना, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांना, दिलेली चक्क तंबी. सर्व माणसे माझी लेकरे आहेत, असे म्हणून राजा लगेच कामाचे बोलतो: विनाकारण कोणी तुरुंगात पडता कामा नये. मत्सर, राग, निष्ठुरपणा, उतावीळपणा, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा यांनी न्यायाचे काम बिघडते. हा लेख दर तिष्य (पुष्य) नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, एरवी ऐकणारा एकटा असला तरी वाचावा. पाहणीसाठी दर पाच वर्षांनी अधिकारी निघतील. उज्जैन आणि तक्षशिलेहून तर तीन वर्षांच्या आतच. जिंकलेल्या मुलखात बावीसशे वर्षांपूर्वी निघालेले हे परिपत्रक सोडून लोक वर सेल्फी काढायला पळतात, याचे वाईट वाटते.

वरचा स्तूप १९७२ मध्ये पूर्ण झाला. तो उभारला जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी यांच्या पुढाकाराने. हे १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. बुद्धमूर्ती, बुद्धचरित्राची शिल्पे, माथ्यावरची छत्रे आणि वरून दिसणारे दया नदीचे पात्र, सगळे सुंदरच आहे. अर्ध्या तासात नीट बघून होते.

खडकाला मात्र तासभर हवा. तो रस्त्यालगत खालीच आहे, म्हणून टेकडी चढण्याआधी तिथेच गाडीतून उतरावे. उलट केले की ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागतो आणि खडक राहून जातो. लेखाच्या वर हत्तीचा पुढचा अर्धा भाग कोरलेला आहे, जणू दगडातून बाहेर येतोय. मजकूर तीन स्तंभांत आहे. मधल्या स्तंभात १ ते ६. उजवीकडे ७ ते १०, १४ आणि त्याखाली दुसरा वेगळा लेख. डावीकडचा अख्खा स्तंभ पहिल्या वेगळ्या लेखाचा, वर सांगितलेली तंबी तीच. लेखाची बाजू उत्तरेकडे असल्याने हिवाळ्यात, म्हणजे ऐन सहलींच्या हंगामात, तिच्यावर थेट ऊन पडत नाही आणि अक्षरे सपाट दिसतात. समोरून फ्लॅश मारला की उरलीसुरली सावलीही जाते. टॉर्च सोबत्याच्या हाती देऊन बाजूने तिरका धरायला सांगावा. खडू, पावडर, पाणी काहीही लावू नये; त्याने दगड खराब होतो आणि तो गुन्हाही आहे.

ब्राह्मी, म्हणजे या लेखांची लिपी, शिकलेल्यांसाठी एक सूचना. अधिकच्या चिन्हासारखा 'क', उलट्या टीसारखा 'न', गोलावर उभी रेघ असलेला 'व' चटकन सापडतात. 'र' शोधत बसू नका. इथल्या बोलीत 'र'चा 'ल' होतो. राजा इथे 'लाजा' आहे. आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर, म्हणजे पांडवलेण्यांवर, हात बसलेल्यांची इथे फसगत होते, कारण तिथली अक्षरे साडेतीनशे-चारशे वर्षांनंतरची, डोक्याला जाडी आलेली, 'क' आणि 'र'चे पाय लांबलेले.

आणि युद्धानंतरचे दगड बघायला ओडिशाच गाठायला हवे असेही नाही. पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख तिच्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्राने, क्षहरातांचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केल्याचे सांगतो. दहा नंबरमध्ये त्याच पराभूत नहपानाचा जावई उषवदात याची दाने भिंतीवर आहेत. गौतमीपुत्राने उषवदाताच्या ताब्यातले २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत भिक्खूंना दिले. पुढे राज्याच्या २४ व्या वर्षी कबुली द्यावी लागली, की शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही. मग नगराच्या शिवेवरची १०० निवर्तने बदली दिली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता.

सहल आयोजकांना विनंती: धौलीसाठी दीड तास राखा, पैकी पहिला तास खडकाला, आणि निघण्याआधीच्या रविवारी मंडळींना तीन आणि दहा नंबरची लेणी दाखवा. धौलीच्या डाव्या स्तंभाचे मराठी भाषांतर एका पानात मावते. ते छापून बसमध्येच वाटा. उतरल्यावर कोणी वाचत नाही.

— ब्राह्मी लिपीचे काही अभ्यासक, नाशिक